वय वर्षे आठ ते दहा

१

"उष्टं पाणी? आई, हा शब्द तुझ्या तोंडी?"

"हो, उष्टंच. शंभरदा म्हणेन. हजार माणसं एका डबक्यात घाम गाळणार, नाकं शिंकरणार, पोरं आतल्या आत मुतणार, आणि तेच पाणी तुम्ही तोंडात घेऊन खिदळणार. वर त्याला तिकीट!"

"अहो आई, फिल्टर असतो तिथे," दीपमाला स्वयंपाकघरातून म्हणाली.

"फिल्टर काय करतो गं मुताचं? अत्तर?"

कल्याणी फिसकन हसली आणि बापाचं तोंड बघून गप्प झाली.

भांडण अर्ध्या तासापासून चाललं होतं. अभयच्या हिंजवडीच्या कंपनीचा फॅमिली डे येत्या रविवारी शंखनगर नावाच्या वॉटर पार्कात होता, आणि ठरवाठरवीचं सगळं जू कंपनीने त्याच्याच मानेवर ठेवलं होतं. तीन बस, एकशे चाळीस माणसं, नाश्त्याला इडली की पोहे, कुणाचं पोर बसमध्ये ओकतं. महिनाभर धायरीच्या त्या फ्लॅटमध्ये दुसरा विषय नव्हता. शंखनगरात म्हणे सगळंच शंखाच्या आकाराचं. घसरगुंड्या शंखासारख्या वळलेल्या, कपडे बदलायच्या खोल्याही शंखाच्या पोटात. सुंदराबाईंना फोटो दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "आतड्यासारखं दिसतंय." तिथून जे पेटलं ते आज, गुरुवारी संध्याकाळी, इथवर आलं होतं.

"आजीला विहिरीला हात लावू देत नव्हते," अभय सावकाश म्हणाला, म्हणजे नीट लागावं म्हणून. "कुणीतरी वरून ओतेल म्हणून ती उन्हात उभी राहायची. हे तूच मला सांगितलंस. आणि आज तिचीच मुलगी म्हणते, लोकांनी अंग लावलेलं पाणी मला चालत नाही. सदाशिव पेठेतली एखादी म्हातारी असं बोलली असती तर तू तिला सोलून काढलं असतंस."

सुंदराबाई गप्प बसल्या. सहासष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांना गप्प बसवणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी, आणि त्यातला एक त्यांच्याच पोटचा निघाला होता.

२

गप्प बसलेलं दिसू नये म्हणून त्यांनी टेबलावरची पाकिटं पुढे ओढली. शंखनगरात स्वतःचे कपडे चालत नाहीत. पार्कचाच नायलॉनचा कॉस्च्युम घालावा लागतो. तिथे गर्दी नको म्हणून अभयने सगळ्यांची मापं आधीच कळवली होती आणि पार्कने सीलबंद पाकिटं कंपनीत पाठवली होती. यांची चार.

सुंदराबाईंनी आधी स्वतःचं फोडलं. गळ्यापासून पोटऱ्यांपर्यंत एकसलग निळा नायलॉन, छातीवर पिवळा शंख. "हे घालून मला शेतात उभी करा, कावळे येणार नाहीत," त्या म्हणाल्या. कल्याणीने टाळ्या पिटल्या. जरा सैल पडलं वातावरण.

मग त्यांनी कल्याणीचं छोटं पाकीट फोडलं.

आतला कपडा ओला होता.

एकतीस वर्षं त्यांनी इस्पितळाच्या लाँड्रीत काढली होती. शाळा पाहिलेली नव्हती. चादरींवरचे वॉर्डांचे शिक्के वाचत वाचत अक्षरं शिकल्या, आणि मग हाताला लागेल ते छापील वाचून काढलं. पण अक्षरांच्याही आधी त्यांना कपडा वाचता येत होता. पाण्यातून काढलेला कपडा हवा लागली की गार पडतो. हा गार नव्हता. कोमट होता. नुसता उन्हाने तापलेला कोमट नाही. मांडीवर बसलेलं पोर उठलं की मांडीवर जी ऊब राहते, तसा.

"मे महिना आहे, आई. दिवसभर गाडीच्या डिकीत होतं," अभय म्हणाला.

"मग बाकीची तीन?"

"ती वेगळी पॅक केली असतील. घाईत धुऊन तसाच भरलाय. मी पार्कवाल्यांना झापतो उद्या."

बरोबर होतं त्याचं. सुंदराबाईंनी मान हलवली, आणि जाऊन साबणाने हात धुतले. मग आणखी एकदा धुतले. टँकरचं पाणी दोन दिवसांआड येत होतं, तरी तिसऱ्यांदाही नळ सोडला.

३

शुक्रवारी सकाळी त्यांनी तो कॉस्च्युम स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीत दोरीवर टाकला. शेजारी दीपमालाची ओढणी, अभयची जीन्स, कल्याणीचा फ्रॉक. धायरीचं मे महिन्याचं ऊन. अकरापर्यंत ओढणी पापडासारखी झाली. दुपारी जीन्सही कडक. कॉस्च्युम तसाच.

त्याखाली फरशीवर थेंब नव्हता. हे चार वाजता त्यांच्या लक्षात आलं आणि त्या चहाचा कप हातात धरून तिथेच उभ्या राहिल्या. ओला कपडा गळतो. गळत नसेल तर सुकतो. तिसरं काही त्यांनी एकतीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

त्या जवळ गेल्या. पाकिटातून नवा निघालेला कपडा सपाट असतो, घड्या दिसतात. याच्या गुडघ्यांना पोक आलं होतं, कोपरांनाही. पोटाशी कापड ताणून सैल पडलं होतं. कुणीतरी लहान माणूस फार वेळ, फार फार वेळ उकिडवं बसलं असावं असा तो लोंबत होता. कॉलरच्या आत चिकटवलेल्या पट्टीवर छापलं होतं: वय वर्षे आठ ते दहा.

त्यांनी नाक लावलं. पहिला वास औषधाच्या पाण्याचा, क्लोरिनचा. तो अपेक्षितच होता. त्याच्या खाली दुसरा होता, आणि तो त्यांच्या ओळखीचा होता. दीड-दोन महिने प्लास्टरमध्ये असलेला हात डॉक्टर प्लास्टर कापून मोकळा करतात, तेव्हा आतल्या पांढऱ्या, सोललेल्या कातडीला जो वास येतो, तो.

त्यांनी कप मोरीत पालथा केला.

एक पाऊल टाकलं असतं तर काडीपेटी गॅसशेजारीच होती. पण भ्यायलं म्हणून वस्तू जाळायची, हे त्यांना परवडणारं नव्हतं. वस्तीतल्या बायकांच्या पोरांच्या गळ्यातले गंडे त्यांनी स्वतःच्या हाताने तोडले होते. अंगात आलेल्या बाईच्या तोंडावर पाणी मारून "ऊठ आणि भाकरी टाक" म्हणणारी बाई म्हणून त्यांची ख्याती होती. ती बाई एका नायलॉनच्या चड्डीला भ्याली, हे त्यांनी कुणाला सांगायचं? भीमराव असते तर त्यांना सांगितलं असतं. पण नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि तेही हसलेच असते.

४

शनिवारी दुपारी त्या जरा आडव्या झाल्या होत्या. उठून आल्या तर कल्याणी बेडरूमच्या आरशासमोर तो कॉस्च्युम घालून उभी.

"आज्जी, बघ ना! मस्त गरम गरम आहे!"

"काढ तो. आत्ताच्या आत्ता."

"आई, मीच दिला तिला," दीपमाला म्हणाली. "माप बघायला नको का? दहा मिनिटं झाली फक्त."

माप काय सुरेख बसलं होतं! पोरीचे गुडघे कापडाच्या पोकात बरोब्बर जाऊन बसले होते, कोपरं कोपरांत. दुसऱ्याच्या उठलेल्या जागी पोर बसावं तशी ती त्यात बसली होती. सुंदराबाईंनी स्वतःच तिचा कॉस्च्युम उतरवला. उतरवताना तो अंगाला चिकटला होता, आणि सुटताना ओठ सुटावेत तसा बारीक आवाज झाला.

जेवायला बसले तेव्हा चार वाजून गेले होते. अभय सकाळपासून बसवाल्यांच्या मागे होता, तो नुकताच आला होता. कल्याणीला आज्जीचा राग घालवायचा होता. तिने वरणभाताचा घास कालवला, नेहमीसारखा गोल केला आणि आज्जीच्या तोंडापुढे धरला.

सुंदराबाईंनी तोंड उघडलं आणि बोटं पाहिली.

पाचही बोटांची टोकं पांढरी पडली होती. सुरकुतलेली, सुजलेली, खोल घड्या पडलेली. तासन्‌तास पाण्यात राहिलेल्या हाताची बोटं. त्या घड्यांमध्ये भाताची शितं अडकली होती.

सुंदराबाईंनी तो हात ढकलला. विचार करून नाही; हात आपसूक उठला आणि घास ताटाबाहेर पडला.

कल्याणीने हात पाठीमागे लपवला. आणि दीपमाला, जी सासूला दहा-अकरा वर्षांत कधी उलटून बोलली नव्हती, ती ताटावरून उठली.

"पोरीच्या हाताची किळस येते तुम्हाला? तुम्हाला?"

"अगं, तिची बोटं बघ."

"बेसिनशी खेळली असेल! पोरं खेळतात पाण्याशी!"

"आज पाण्याचा वार नाही, दीपमाला. नळाला पाणी नाही. बादली भरलेली आहे काठोकाठ, जाऊन बघ."

अभयने पोरीला मांडीवर घेतलं, तिची बोटं उलटसुलट करून पाहिली, फुंकर घातली. "नायलॉनमध्ये घाम धरतो," तो म्हणाला. आईकडे त्याने पाहिलं नाही. "उद्या सकाळपर्यंत जाईल. पण आई, तू आज जे केलंस ना, ते नाही जाणार लवकर."

५

संध्याकाळी तिघं खाली बागेत गेली. सुंदराबाईंना कुणी चल म्हटलं नाही.

त्या पलंगावर बसून राहिल्या. घास धरलेला तो इवलासा हात डोळ्यांपुढून हलेना. आपला हात असाच कुणीतरी ढकललेला त्यांना आठवत होता. गावात, सहा वर्षांच्या असताना, पाटलाच्या सुनेच्या तान्ह्या पोराला त्या "आले आले" करत हात लावायला गेल्या होत्या. त्या बाईच्या तोंडावर जे आलं होतं, नाकाशेजारी पडलेली ती घडी, ती सुंदराबाई जन्मभर विसरल्या नव्हत्या. आज ताटावर आपल्या नाकाशेजारी तीच घडी पडली असणार. अभय म्हणतो ते खरं असेल तर? माणूस म्हातारा झाला की ज्यांच्याशी भांडला त्यांच्यासारखाच होत जातो, असं असेल तर?

नाही. त्यांनी स्वतःला बजावलं. लाँड्रीत त्यांनी काय धुतलं नव्हतं? पू, विष्ठा, बाळंतिणींचं रक्त, मेलेल्यांच्या तोंडातून आलेलं. जोडीदारीण रतन पहिल्या आठवड्यात तीनदा ओकली होती. सुंदराबाई एकदाही नाही. माणसाच्या अंगातून येणाऱ्या कशाचीच त्यांना किळस नव्हती. मग ही कशाची होती?

तपासून बघायचं. त्यांना एवढीच पद्धत ठाऊक होती.

बाल्कनीत ऊन अजून होतं. त्यांनी पदर खोचला, दोरीवरच्या कॉस्च्युमची बाही उघडली आणि खांद्याच्या बाजूने हात आत घातला.

नायलॉन बाहेरून खरखरीत होता. आतून नव्हता. आतून तो गालाच्या आतल्या बाजूसारखा लागला. बुळबुळीत, ऊबदार, जरासा दबणारा. त्यांनी दात आवळले आणि हात कोपरापर्यंत सरकवला. बाही तिथे संपायला हवी होती. लहान मुलाची बाही ती, केवढीशी असणार! बोटं बाहेर यायला हवी होती. ती आली नाहीत. त्यांना समोर रिकामी बाही दिसत होती, चपटी, वाऱ्यावर हलणारी, आणि त्यांचा हात त्याहून पुढे कुठेतरी गेलेला होता.

त्यांनी हात ओढला. बाहीने तो लगेच सोडला नाही. वासरू बोट चोखतं तशी एक ओढ, अगदी हलकी, आणि मग सुटला.

त्या मोरीत बसून हात चोळत राहिल्या. साबणाची वडी अर्धी झाली. बोटांची टोकं पांढरीफटक होती आणि घड्या चोळून जात नव्हत्या. भरून ठेवलेली ती एकुलती बादली त्यांनी संपवली, आणि ओकल्या. इस्पितळात जे कधी झालं नव्हतं ते झालं.

तिघं परत आल्यावर त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, "कल्याणी उद्या जाणार नाही."

"ती जाणार," अभयही तितक्याच शांतपणे म्हणाला. "एकशे चाळीस माणसांना मी बायकामुलांसकट बोलावलंय. माझी मुलगी घरी राहिली तर मी त्यांना काय सांगू? माझ्या आईला विटाळ होतो?"

६

रविवारी सात वाजता बस सोसायटीच्या फाटकाशी येऊन उभी राहिली.

कल्याणी फ्रॉक घालून स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती आणि दीपमाला तिच्या हातांना खोबरेल तेल चोळत होती. न बोलता, खाली मान घालून. सुरकुत्या गेल्या नव्हत्या. त्या बोटांवरून तळहातावर उतरल्या होत्या, आणि आता मनगटाशी होत्या.

"अहो," दीपमाला हळूच म्हणाली, "एखाद्या डॉक्टरला..."

"सोमवारी दाखवू. अ‍ॅलर्जी आहे," अभय म्हणाला. "कल्याणी, ऊठ, कॉस्च्युम आतूनच घाल फ्रॉकच्या, तिथे वेळ जायला नको."

सुंदराबाई ड्राय बाल्कनीच्या दारात उभ्या राहिल्या. "मला ओलांडून जा, मग घे तो."

"आई, प्लीज. तुझं म्हणणं तरी काय आहे? ओला आहे, एवढंच ना?"

"ओला आहे. दोन दिवस उन्हात आहे आणि ओला आहे. मी पिळून पाहिला, थेंब निघत नाही."

"तुझे हात आता सहासष्टचे आहेत." तो त्यांच्या बाजूने सरकून आत गेला आणि त्याने दोरीवरून कॉस्च्युम खेचला. वास लागताच त्याचं नाक आक्रसलं, पण तो मागे हटणाऱ्यातला नव्हता. आईवर गेला होता. "चल, दोघं मिळून पिळू. तुम्ही लाँड्रीत चादरी पिळायचात तसा. पाणी निघालं, कोरडा झाला, की ती घालणार आणि तू परत तोंड उघडायचं नाहीस."

"आणि नाही निघालं तर?"

"तर तो ओला नव्हताच."

"वा रे वकील. नाही निघालं तर मी सांगेन तसं. कल्याणी घरी राहील. कबूल?"

खाली बसने हॉर्न दिला.

"कबूल, कबूल. धर."

चादर पिळायची रीत लाँड्रीत ठरलेली होती. दोघी समोरासमोर, एकीने उजवीकडे पीळ द्यायचा, दुसरीने डावीकडे. एकटीने पिळलेला कपडा कधी पिळून निघत नाही. पीळ धरायला समोर कुणीतरी लागतं. अभय गजांकडे पाठ करून खांद्यांशी धरून उभा राहिला. सुंदराबाईंनी उंबऱ्यावर उभं राहून पायांकडची टोकं मुठीत घेतली. ऊब तळहातात शिरली. त्यांनी श्वास रोखला आणि पीळ दिला.

कॉस्च्युमचा दोर झाला. पाणी नाही. आणखी एक पीळ. दोर कडक झाला, करकरला. थेंब नाही. पण वास असा सुटला की अभयने मान वळवली, तोंड गजांना लावलं आणि हवा ओढून घेतली. खालून कुणीतरी त्याच्या नावाने ओरडलं.

"आलो, आलो! दोन मिनिटं!" तो खाली बघून ओरडला. हातांनी पीळ देणं त्याने सोडलं नाही. "आई, लाव जोर!"

सुंदराबाईंनी पीळ दिला, आणि पीळ त्यांच्या हातापेक्षा पुढे गेला.

त्यांची मूठ थांबली होती. मुठीतला कपडा थांबला नव्हता. तो त्यांच्या बोटांच्या बेचक्यांतून फिरत होता, सावकाश, बेताने, पिळायची रीत ठाऊक असलेल्यासारखा. त्यांनी मूठ उघडली. मागे सरत सरत पलीकडच्या भिंतीशी गेल्या. पायाला स्टूल लागलं. त्यांनी मागे न बघता कल्याणीला हाताने शोधलं आणि तिचं तोंड आपल्या पदरात दाबून धरलं. दीपमालाच्या हातातली तेलाची बाटली कलंडली आणि फरशीवर तेल पसरत गेलं. ती उचलायला वाकली नाही. ती उंबऱ्याकडे बघत होती.

उंबऱ्याशी दोराचं टोक हवेत होतं तसंच होतं. मग ते हळूहळू खाली आलं, कमरेच्या उंचीवर येऊन थांबलं. कल्याणीने धरलं असतं तर जिथे धरलं असतं, तिथे. आणि तिथून पुन्हा पीळ बसायला लागला.

"हां! असं!" गजांकडे तोंड करून अभय म्हणाला. तो हसत होता. "ताकद आहे की अजून म्हातारीत. बघ, निघेलच आता पाणी. उगाच पोरीचा रविवार खराब करत होतीस... अगं, हळू! मनगट मोडशील माझं. आई, हळू म्हटलं ना!"

"अभय," सुंदराबाई स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाकडून म्हणाल्या, "मी माझं टोक मघाशीच सोडलंय."